अंतर्कर्णातील प्रारण मात्रा

अंतर्कर्णातील प्रारण मात्रा : मेंदूतील अर्बुदावर (पेशींच्या अनिर्बंध वाढीने झालेल्या गाठीवर) प्रारण चिकित्सा करताना शेजारच्या अंतर्कर्णात शोषली जाणारी प्रारण ऊर्जा. ती ‘ग्रे’ या एककात मोजतात, १ किग्रॅ. ऊतकात १ जूल ऊर्जा शोषली गेल्यास मात्रा १ ग्रे होते.

ऐकण्याचे मुख्य इंद्रिय म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखा, सु. अडीच वेटोळ्यांचा कर्णशंबुक. तो शंखास्थीच्या कठीण भागात, मेंदूच्या तळाशी असतो [→ कान]. त्यातील केशकोशिका ध्वनिकंपनांचे तंत्रिका संदेशांत रूपांतर करतात. प्रारणाने या कोशिका, त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या व श्रवण तंत्रिका यांना इजा पोहोचते. नष्ट झालेल्या केशकोशिका पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यामुळे हा बहिरेपणा सामान्यतः कायमचा असतो. मध्यकर्णात द्रव साचून येणारा बहिरेपणा मात्र बहुधा तात्पुरता असतो.

श्रवणहानी चिकित्सा संपल्यावर काही महिन्यांनी, कित्येकदा काही वर्षांनी प्रकट होते. प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. मूल हाकेला ओ देते. परंतु ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण त्याला नीट उमगत नाहीत. दोष ध्यानात न आल्यास भाषा व शिक्षण मागे पडते आणि मुलावर अकारण मंदबुद्धीचा शिक्का बसतो.

लहान मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमा या अर्बुदात संपूर्ण मेंदू व मेरुरज्जूला प्रारण देऊन नंतर मूळ जागेची एकूण मात्रा सु. ५४ ग्रेपर्यंत नेतात. पूर्वी दोन्ही बाजूंनी समोरासमोर शलाका सोडत. त्यामुळे कर्णशंबुकांनाही जवळजवळ पूर्ण मात्रा मिळे. नित्याच्या विभाजित चिकित्सेत कर्णशंबुकाची सरासरी मात्रा ४५ ग्रेपेक्षा, शक्य तेथे ३५ ग्रेपेक्षा कमी ठेवावी, असा संकेत २०१० मधील एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात दिला आहे. सिस्प्लॅटीन हे औषध स्वतःच केशकोशिकांना घातक असल्याने ते दिलेल्या रुग्णांत मर्यादा आणखी खाली ठेवणे इष्ट ठरते.

आता संगणकीय छेदचित्रांवर कर्णशंबुक स्वतंत्रपणे रेखाटतात व शलाकांची तीव्रता नियंत्रित करून त्याला वाचवितात. अवयव केवळ काही मिमी. आकाराचा असल्याने छेद पातळ घ्यावे लागतात आणि डोके मुखवट्याने स्थिर ठेवावे लागते. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा ठराविक खोलीवर सोडतात, म्हणून त्यांपलीकडील ऊतके वाचतात. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत ही चिकित्सा २०२३ मध्ये सुरू झाली. तथापि अर्बुद कर्णशंबुकास चिकटून असल्यास अर्बुदाची मात्रा कमी करता येत नाही. तेथे जीव वाचविणे श्रवणापेक्षा अग्रक्रमाचे ठरते.

खानदेशातील रुग्णांच्या बाबतीत अंतर हा महत्त्वाचा घटक आहे. जळगावाहून रेल्वेने मुंबई सु. ४२० किमी. आहे. रोज १·८ ग्रेप्रमाणे ५४ ग्रेसाठी ३० सत्रे, म्हणजे सु. सहा आठवडे लागतात. एवढा मुक्काम करून परतलेल्या कुटुंबाला पुढे केवळ श्रवणचाचणीसाठी वारंवार जाणे परवडत नाही, आणि हानी नेमकी याच काळात उद्भवते. चाचणीसाठी मात्र मोठ्या केंद्राची गरज नसते. कान-नाक-घसा विभाग व श्रवणमापक असल्यास ती धुळे (स्थापना १९८८) व जळगाव (२०१८) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांसारख्या ठिकाणी होऊ शकते. त्यासाठी चिकित्सेपूर्वीचा श्रवणालेख व दोन्ही कानांना मिळालेली मात्रा यांची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत असावी. पुढे काही वर्षे ठराविक अंतराने चाचणी करावी. दोष वेळीच आढळल्यास श्रवणयंत्र, वर्गात पुढच्या रांगेत जागा व वाचा-उपचार यांनी त्याचे परिणाम बरेच सौम्य करता येतात.