आपोआप फिरणारे पाणी

चुलीवर पाण्याचे पातेले ठेवावे व त्यात चिमूटभर भिजलेला लाकडाचा भुसा टाकावा. थोड्याच वेळात भुशाचे कण मध्यभागी वर चढताना व कडेने खाली उतरताना दिसू लागतात. पाणी कोणी ढवळीत नाही, तरी ते फिरत असते. तापलेले पाणी प्रसरण पावते व त्यामुळे हलके होते. २० अंश उष्णतामानाचे एक लिटर पाणी सुमारे ९९८ ग्रॅम भरते. ६० अंशांचे ९८३ ग्रॅम. फरक अवघा पंधरा ग्रॅमांचा! परंतु तेवढ्यानेच थंड पाणी तळाशी जाते आणि उन्ह पाण्याला वर लोटते.

जुन्या घरांतील तांब्याच्या बंबाला हे ठाऊकच होते म्हणायचे. कित्येक बंबांत नरसाळ्यातून थंड पाणी ओतले, की ते तळाशी जाई आणि वरचे कढत पाणी तोटीतून घंघाळात पडे.

पालघर-बोईसरकडे एखाद्या गच्चीवर सौर बंब दिसला, तर त्याची मांडणी नीट पाहावी. दक्षिणेकडे तोंड केलेली काळी पेटी खाली असते आणि टाकी तिच्याहून वर. पेटीतील नळ्यांत तापलेले पाणी टाकीत चढते. टाकीच्या तळाचे थंड पाणी पेटीत उतरते. ऊन आहे तोवर हा फेरा चालू राहतो. त्याला ना वीज लागते, ना राखणदार.

मात्र टाकी वर हवी, ही अट मोठी अडचणीची. कौलारू छपराला भरलेल्या टाकीचा भार कसा पेलवेल? मग टाकी खाली न्हाणीघराजवळ ठेवतात व पाणी फिरविण्यासाठी लहान पंप बसवितात. पंपाला स्वतःची बुद्धी नसते. म्हणून एक उष्णतामापक पेटीत व दुसरा टाकीच्या तळाशी बसवावा लागतो. पेटी टाकीपेक्षा काही अंशांनी अधिक तापली म्हणजे नियंत्रक पंप सुरू करतो आणि हा फरक मिटत आला की बंद करतो. एवढ्यानेही भागत नाही. रात्री पेटी निवते, आणि खालच्या टाकीतील उन्ह पाणी आपल्या स्वभावानुसार वर चढून तेथे थंड होऊ लागते! सकाळी हात गारठण्याची वेळ येऊ नये, म्हणून नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप घालतात. पंप घेणाऱ्याने हा विचार आधीच केलेला बरा.

भर दुपारी वीज गेली, तर घरच्या पंपाने एका स्नानाचेच नुकसान होते. पण जेथे उष्णता थांबवूनही थांबत नाही, तेथे काय?

बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. तेथील पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या; त्यांची रचना निराळी आहे. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या पुढील दोन भट्ट्या २००५ व २००६ साली सुरू झाल्या. त्यांत ‘जड पाणी’ नावाचे विशेष पाणी प्रचंड पंपांनी फिरवितात. ते भट्टीतील उष्णता बाष्पजनित्रांत नेते व तेथे साध्या पाण्याची वाफ होते. अशी भट्टी बंद केली, तरी त्या क्षणी तिच्यात पूर्ण उष्णतेच्या शेकडा ६ ते ७ इतकी उष्णता निर्माण होत असते. ती हळूहळूच उतरते. म्हणून पंपांना जड चाके जोडलेली असतात. वीज गेली तरी ती काही काळ फिरत राहतात. आणि बाष्पजनित्रे भट्टीहून उंचावर बसविलेली असतात. सौर बंबाच्या टाकीसारखीच!

या योजनेची कसोटी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे लागली. तेथील भट्ट्या लहान, पण याच जातीच्या. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तेथे जनित्राच्या दालनात आग भडकली. भट्टी लगेच बंद करण्यात आली. पण नियंत्रणकक्षात धूर कोंडला व सुमारे सतरा तास त्या भट्टीला वीज मिळाली नाही. मुख्य पंप निश्चल झाले. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी बाष्पजनित्रांत साधे पाणी सोडले. भट्टीतील जड पाणी मात्र कोणी न ढकलता तापून वर चढत होते, निवून खाली उतरत होते आणि भट्टीची उष्णता वाहून नेत होते.