स्वतःला की भाड्याला?

नळाचा दर सांगण्याआधी आमचा प्लंबर एकच विचारतो, "ताई, स्वतःला की भाड्याला?" भाड्याला म्हटलं की पिशवीतून हलका नळ निघतो. सिंहगड रस्त्यावरचा आमचा वन बीएचके नऊ वर्षं भाड्याने आहे. त्यातली निदान पाच वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं.

यंदा जुना भाडेकरू २७ तारखेला गेला, नवे १ तारखेला यायचे होते. अकरा महिन्यांच्या करारात घर मोकळं मिळतं ते एवढंच.

गीझरचा निकाल लगेच लागला. उन्हाळ्यात सोसायटी टँकरच्या जड पाण्यावर असते, त्यामुळे कॉइलवर बोटभर क्षार चढले होते. कॉइल, थर्मोस्टॅट हे सुटे भाग, बदलले की काम होतं. पण टाकीऐवजी स्वतः झिजावा म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो आम्ही कधी पाहिलाच नव्हता. हातात आली ती नुसती तार. टाकी तळातून पाझरत होती. गळक्या टाकीला डाग देण्यात अर्थ नाही, म्हणून नवा गीझर घेतला.

खरा पेच न्हाणीघराचा होता. खालच्या काकूंच्या छताला पोपडे धरले होते. फरशीच्या सांध्यांत मी दोनदा ग्राउट भरून घेतलं होतं. दोन्ही वेळा काकूंचा फोन महिन्याभरात आलाच. ठेकेदाराचा सल्ला होता, सगळं फोडा, कोबा नव्याने करा. म्हणजे तीन आठवडे काम, आणि तेवढे दिवस भाडं नाही.

प्लंबर म्हणाला, आधी पाणी साठवून बघू. नहाणी ट्रॅपचं तोंड त्याने बोळ्याने बंद केलं, दोन इंच पाणी भरलं, भिंतीवर खडूने रेघ मारली. खाली काकूंनी छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिल फिरवली. रात्रभर नळ बंद. सकाळी पाणी रेघेवरच होतं, ओलही जागची हलली नव्हती. मग बोळा काढला, पाणी सोडलं. दुपारपर्यंत ओल पेन्सिलीच्या दोन बोटं बाहेर! म्हणजे फरशी निर्दोष होती. गळत होता ट्रॅपखालचा सांधा. चार फरश्या फुटल्या, बाकी न्हाणीघर वाचलं. निदानाला खर्च आला एका बोळ्याचा आणि एका रात्रीचा.

तसल्या फरश्या आता मिळत नाहीत, म्हणून मधोमध करड्या रंगाचं ठिगळ बसलं. माझ्या घरात मी ते खपवून घेतलं नसतं. इथे चालतं. ट्रॅप मात्र दुकानातला सगळ्यात चांगला आणला. डोळ्यांना दिसतं त्याला मी "भाड्याला" म्हणते. भिंतीत, फरशीखाली पाण्याशी जे जे गाठ घालून बसलंय, त्याला "स्वतःला". माझ्या हलक्या नळांनीच मला हे शिकवलं. दर चार महिन्यांनी वायसर, आणि दर वेळी प्लंबरची फेरी.

(आयकराचा इथे उपयोग नाही. भाड्यातून पालिकेचा कर वजा जाता दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही रुपया खर्च करा की लाख.)

काकूंचं छत रंगवून द्यायचं कबूल केलंय. पण पेन्सिलीची रेघ त्या पुसू देत नाहीत. "पावसाळा जाऊ दे गं," म्हणाल्या, "मग बघू."