ना. वा. टिळकांची ख्रिस्तभक्ती : माउली आणि दरबार

ना. वा. टिळकांच्या (१८६१-१९१९) ख्रिस्ती अभंगांतील भक्तिपरंपरेची भाषा हे केवळ बाह्य परिधान होय, असे काहींना वाटते. हे मत अपुरे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर टिळक आपल्या ज्ञातीला पारखे झाले. पत्नी लक्ष्मीबाईंशीही काही वर्षे ताटातूट झाली. 'आपण कोणाचे?' हा प्रश्न त्यांच्यापुढे निव्वळ तात्त्विक उरला नव्हता. त्याचे उत्तर त्यांना सापडले ते ख्रिस्ताला 'माउली' म्हणण्यात. वारकरी विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना ज्या नावाने हाक मारतात, तेच हे नाव. आईपुढे लेकराला कूळ सांगावे लागत नाही की पात्रता सिद्ध करावी लागत नाही. पापपुण्याचा हिशेब मांडणारा न्यायाधीश येथे आपोआप मागे सरतो.

या नात्यानेच टिळकांच्या कार्याची दिशा ठरविली. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. नाव राजसत्तेचे असले, तरी रीत घरची होती : बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते. लेकरांत भेद करणारी माउली टिळकांना मान्य होणे शक्यच नव्हते. दोन वर्षांत त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायना'चे अकराच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. पुढील चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले.