गाठीचे अंतरंग

स्त्रीच्या ओटीपोटात वाढणाऱ्या गाठीचे अंतरंग पोटावर शस्त्र न चालविता पाहता यावे, ही वैद्यकाची जुनी आकांक्षा फळास येऊ लागली ती स्कॉटलंडमधील रेनफ्रू येथे, बाष्पपात्रे बांधणाऱ्या एका कारखान्यात. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड १९५५ च्या जुलैत शस्त्रक्रियेने काढलेल्या काही गाठी मोटारीत घालून तेथे गेले, आणि धातूतील छुपे दोष ध्वनिलहरींनी हुडकणारे यंत्र त्यांनी त्या गाठींना लावून पाहिले. गर्भाशयाच्या भरीव गाठीत लहर ठायी ठायी अडखळून क्षीण होई; बीजांडकोशाच्या जलमय गाठीत ती निर्वेध पुढे जाऊन पलीकडच्या भित्तीवरून परते. पुढे, जठराच्या असाध्य कर्करोगाने पोटात पाणी भरले आहे असे मानून जिची आशा सोडण्यात आली होती, अशा एका स्त्रीच्या पोटात मोकळे पाणी नसून बीजांडकोशाची प्रचंड गाठ आहे हे डोनाल्ड यांनी याच प्रतिध्वनींवरून ओळखले. गाठ निघाली आणि बाई वाचली. डोनाल्ड, त्यांचे सहकारी मॅकव्हिकर आणि अभियंते टॉम ब्राउन यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये ७ जून १९५८ रोजी प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे मात्र या यंत्राची, म्हणजे सोनोग्राफीची, कीर्ती वेगळ्याच कारणाने कायद्याच्या दप्तरात पोहोचली. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम, केला; केंद्र सरकारचा १९९४ मध्ये झाला, आणि पुढे सोनोग्राफीचे केंद्र सरकारदरबारी नोंदविल्याखेरीज चालविता येईना.

गाठीत पाणी आहे एवढ्याने आज कोणाचे समाधान होत नाही. एकच कप्पा, पातळ गुळगुळीत भित्ती आणि आत सोनोग्राफीवर निखळ काळे दिसणारे पाणी असेल, तर ती गाठ बहुधा निरुपद्रवी. पण आतील भित्तीवर तीन मिलिमीटर वा अधिक उंचीचे अंकुर दिसले, भरीव भाग वेडावाकडा असला, त्यात रक्तप्रवाह जोरकस असला किंवा उदरात पाणी साठले असले, तर संशय बळावतो. ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणविणाऱ्या गाठीतील जुने रक्त धुरकट काचेसारखे एकसारखे करडे दिसते. डर्मॉइड गाठीतील चरबी सीटी किंवा एमआरआयवर लपत नाही.

तथापि पूर्वी एकाला जो अंकुर वाटे तो दुसऱ्याला पडदा वाटे, आणि प्रत्येकजण आपापल्या शब्दांत अहवाल लिही, त्यामुळे दोन शहरांतील अहवालांची तुलनाच अशक्य होई. माझ्या मते या विषयातील खरी प्रगती यंत्राच्या तीक्ष्णतेइतकीच ही बेबंदशाही मोडण्यात झाली. ‘आयोटा’ या नावाने एकत्र आलेल्या युरोपीय संशोधकांनी २००० साली प्रत्येक लक्षणाची व्याख्या व मोजमाप ठरवून दिले, आणि २००८ मध्ये पाच नियम सौम्यतेचे व पाच घातकतेचे असे दहा साधे नियम मांडले. कोणताच नियम लागू पडला नाही, किंवा दोन्ही बाजूंचे नियम एकदमच लागू पडले, तर निकाल न देता प्रकरण जाणत्या तज्ज्ञाकडे पाठवावे, ही त्यांची तरतूद मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

निरोगी स्त्रियांची सरसकट तपासणी करून बीजांडकोशाचा कर्करोग आधीच गाठावा, ही आशा मात्र फोल ठरली. ब्रिटनमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२१ साली आला: दरवर्षीची सोनोग्राफी असो की सीए-१२५ ही रक्तचाचणी, मृत्यूंचे प्रमाण कशानेही घटले नाही.

चित्राचा उपयोग होतो तो गाठ सापडल्यावर, तिचे पुढे काय करावे हे ठरविताना. घातक गाठ शस्त्रक्रियेत फुटली तर तिच्यातील पेशी उदरात सांडून रोगाची पायरी चढते, म्हणून संशयित गाठीत सुई घालून पाणी काढणे टाळतात व रुग्ण कर्करोगशल्यज्ञाकडे सोपवितात. उलट ऋतुचक्र चालू असलेल्या तरुणीच्या गाठीत रक्तस्राव होऊन जाळीदार आकृती दिसली, तर काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करावी एवढाच सल्ला मिळतो. असा अहवाल हाती पडला की पैसे फुकट गेले म्हणून घरची मंडळी कुरकुर करतात. पण अशी गाठ बहुधा आपोआप विरून जाते, आणि विरणाऱ्या गाठीसाठी बीजांडकोश गमावलेल्या स्त्रिया पूर्वीच्या काळी कमी नव्हत्या.