सशाच्या गोतावळ्यातला तांबेरा

पावसाळ्यात गिरगाव-दादरच्या देवळांच्या आवारांतील देवचाफ्याची पाने वरून पिवळ्या ठिपक्यांनी भरतात आणि पान उलटून पाहिल्यास खाली हळदीसारखी बोटाला लागणारी नारिंगी भुकटी आढळते. हा तांबेरा, म्हणजे कोलिओस्पोरियम प्ल्युमेरी ही बुरशी असून ती भुकटी म्हणजे वाऱ्यावर पसरणारे तिचे बीजाणू होत. लेपस नायग्रिकॉलिस हा काळ्या मानेचा रानससा मात्र या दाट वस्तीत सापडत नाही. त्यासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे जावे लागते.

असे असले, तरी वंशावळीत हा तांबेरा चाफ्यापेक्षा सशाला अधिक जवळचा आहे. 1993 मध्ये बाल्डॉफ आणि पामर यांनी प्रथिनांची रचना ताडून पाहिली, तेव्हा बुरशी व प्राणी एकाच पूर्वजापासून फुटलेल्या शाखा असल्याचे दिसले. दोघांच्याही पेशींत साखर साठते ती ग्लायकोजेनच्या रूपात, वनस्पतींप्रमाणे स्टार्चच्या रूपात नव्हे. महाविद्यालयांत बुरशी आजही वनस्पतिशास्त्रात शिकवली जाते, ती केवळ जुनी सोय आहे.

स्वतःचे अन्न ससा आणि तांबेरा या दोघांनाही तयार करता येत नाही, आणि दोघेही हिरव्या पानांवर जगतात. परंतु ससा गवत कुरतडून गिळतो व त्यातील सत्त्व पुरेपूर मिळावे म्हणून स्वतःच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो, तर तांबेरा पानाच्या पेशीत शोषकांग, म्हणजे अन्न ओढून घेणारा सूक्ष्म फाटा, घुसवतो आणि पेशीला जिवंत ठेवूनच तिची साखर घेतो, कारण पान मेले की त्याचीही वाढ थांबते.

या नात्याची खरी किंमत परळच्या रुग्णालयांत कळते. बुरशीची पेशी बऱ्याच अंशी आपल्या पेशीसारखी असल्याने तिला मारणारे, पण रुग्णाला न दुखावणारे औषध मिळणे अवघड असते. 2021 च्या म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाच्या साथीत वापरलेले ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या मेदद्रव्याला चिकटते, पण आपल्या कोलेस्टेरॉललाही थोडेफार चिकटत असल्याने मूत्रपिंडांना इजा करते. तेच अर्गोस्टेरॉल तयार होऊ न देणाऱ्या ट्रायझोल गटातील प्रोपिकोनॅझोल शेतकरी गव्हाच्या तांबेऱ्यावर फवारतात आणि त्याच गटातील फ्लुकोनॅझोल डॉक्टर माणसांना देतात.