विश्लेषण : जमीन ‘रजिस्टर’ झाली, मग सातबारा जुन्याच नावावर कसा?

शिरूर किंवा दौंडच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर पडलेला खरेदीदार घरी फोन लावून एवढेच सांगतो, ‘‘रजिस्टर झालं.’’ रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती असलेल्या या तालुक्यांत हे वाक्य नवे नाही. चार दिवसांनी सातबारा काढला की त्यावर जुन्याच मालकाचे नाव दिसते आणि धाबे दणाणते. दरवेळी यात फसवणूक असतेच असे नाही. अनेकदा घोळ असतो तो एका शब्दाचा.

एका शब्दाला किती शब्द?

इंग्रजीत वही म्हणजेही रजिस्टर आणि तिच्यात नोंदवणे म्हणजेही रजिस्टर. मराठीने ही कामे वाटून दिली आहेत. लिहिलेला मजकूर ती नोंद, जिच्यात लिहायचे ती नोंदवही आणि अधिकाऱ्यापुढे होणारी प्रक्रिया ती नोंदणी. शाळेत त्याचाच हजेरीपट होतो. दुकानात रोजची कीर्द वेगळी, खातेवार खतावणी वेगळी. फारसीतून आलेला ‘दप्तर’ तलाठ्याकडे जुन्या अर्थाने टिकून आहे. घरोघरी मात्र तो मुलांच्या पाठीवर जाऊन बसला.

मग जमिनीचे ‘रजिस्टर’ कोणते?

दोन आहेत आणि ती दोन वेगळ्या खात्यांची. खरेदीखत १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकापुढे नोंदवले जाते. ही दस्तनोंदणी. तिचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक दोन, बोलीभाषेत ‘इंडेक्स टू’. खरेदीदार फोनवर सांगतो ते इथवरचे.

पुढचे काम महसूल खात्याचे. गावाच्या २१ नमुन्यांपैकी सहावा नमुना म्हणजे फेरफार नोंदवही. दस्ताची माहिती आता ऑनलाइन तिकडे जाते, फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण ‘सहा-अ’ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर नाव लागते. पीककर्ज मागताना किंवा भूसंपादनाची नोटीस निघताना आधी पाहिला जातो तो हाच उतारा, म्हणून ही दुसरी पायरी अर्धवट सोडणे महागात पडते.

उलटही खरे आहे. केवळ सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. त्यासाठी दस्तच लागतो.

वारसाचे काय?

इथे घोळ आणखी वाढतो. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद केली, त्याला २१ दिवसांची मुदत असते. पण त्याने शेतावर मुलांची नावे आपोआप चढत नाहीत. त्यासाठी तलाठ्याकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि तिथली वही तिसरीच : ‘सहा-क’, म्हणजे वारस नोंदवही.

विचारायचे कसे?

‘रजिस्टर झालं का,’ असे तलाठ्याला विचारले तर उत्तर ‘हो’ येईल आणि ते खोटेही नसेल. ‘फेरफार क्रमांक काय पडला, नोंद प्रमाणित झाली का,’ असे विचारावे. नोंद कुठल्या टप्प्यावर आहे, हे महाभूमीच्या ‘आपली चावडी’वर गाव निवडून मोबाइलवरही पाहता येते.