गिटारची मान चिकटवण्याआधी दोरा का ताणायचा?

सुटे भाग मागवून घरीच गिटार जोडण्याचे रील्स भरपूर दिसतात. तीस सेकंदांत गोंद लागतो, मान बसते, गिटार वाजायलाही लागते. प्रत्यक्षात किट वाया जातं ते याच टप्प्यावर. रंग बिघडला तर पुन्हा देता येतो, वायर पुन्हा जोडता येते. वाकडी चिकटलेली मान मात्र सहजासहजी सुटत नाही.

स्क्रूने बसणारी मान वेगळी. फेंडरच्या 1950 च्या गिटारमध्ये ती तशी होती. चुकलं तर स्क्रू काढून पुन्हा बसवायची. नवशिक्यांनी खरं तर असंच किट घ्यावं. गिब्सनच्या 1952 च्या लेस पॉलची मान बॉडीच्या खाचेत चिकटवलेली असते. प्रश्न येतो तो इथे.

एका अंशाने काय बिघडतं?

मानेच्या सांध्यापासून ब्रिज साधारण 20 सेंटिमीटरवर असेल, तर एका अंशाचा फरक तिथे साडेतीन मिलिमीटरचा होतो. मान पुढे झुकली की तारा उंच राहतात आणि दाबताना बोटं दुखतात. बाजूला सरकली तर कडेची तार पट्टीवरून खाली घसरते.

म्हणून आधी गोंद न लावता मान खाचेत बसवून बघतात. दोन्ही कडांच्या तारांच्या जागी वरपासून ब्रिजपर्यंत दोरे ताणायचे. दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली पाहिजे. मग फ्रेट्सवर सरळ पट्टी ठेवायची. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकलं, तर कोन बरोबर. अडत असेल तिथे खडू लावून डाग बघायचा आणि तेवढंच घासायचं. खाचेत रंग किंवा सीलर असेल तर तो खरवडून काढायचा, कारण गोंद लाकडाला धरतो, रंगाला नाही.

कोणता गोंद?

इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारांची एकत्रित ओढ 45 किलोच्या आसपास असते, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडीच कमी, आणि तीही रात्रंदिवस. अशा ओढीखाली साधा पांढरा गोंद हळूहळू सरकू शकतो. त्यामुळे कारागीर लाकडासाठीचा पिवळा गोंद किंवा सरस पसंत करतात. सरस वाफेने मऊ पडतो, म्हणजे पुढे कधी मान काढायची वेळ आली तर वाट उरते.

हा पेच एकट्या गिटारचा नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथेही भोपळा आणि दांडी यांच्यामधला गळ्याचा सांधाच नाजूक. तो ढिला पडला की तारांच्या ओढीने दांडी पुढे झुकते. नाशिकच्या पंचवटीत आश्रम उभारणारे विष्णु दिगंबर पलुस्कर गाणं शिकले, ते या मिरजेतच.

पंचवटीत किट जोडणाऱ्यांना आणखी एक पथ्य. मे महिन्यातली कोरडी हवा जुलैत गोदाकाठी पार बदलते, लाकूड फुगतं आणि गोंद वाळायला वेळ लागतो. किट आलं की भाग खोलीच्या हवेत चार-आठ दिवस राहू द्यावेत. चिकटवल्यावर बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसायचा, क्लॅम्प आवळण्याआधी आणि नंतरही दोरे तपासायचे. तारा चढवायच्या त्या किमान 24 तासांनी. पावसाळ्यात दोन दिवस थांबलेलं बरं.